पाव्हण्यांना पुण्याची हवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बजरंगअण्णा ती मोडायला निघाले होते, आणि रीत मोडायची तर आधी माणसं राजी करावी लागतात एवढं त्यांना कळत होतं.

सून पूर्णिमा सातव्यात होती. तिचे आईवडील, सुदर्शनराव आणि कौशल्याबाई, वाशिमहून डोहाळजेवणाला आले होते ते तिला सोबत न्यायचं ठरवूनच. अण्णांना मात्र बाळंतपण वारज्यातच व्हायला हवं होतं. पहिल्या महिन्यापासूनची डॉक्टरीणबाई इथली, दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. शिवाय तीस वर्षांत त्या घरात तान्हं लेकरू रडलं नव्हतं, हे ते कुणाला बोलले नव्हते. व्याह्यांना तोंडावर नको म्हणणं बरं दिसेना. म्हणून रविवारी त्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. इथला डोंगर, इथलं पाणी बघितलं की पाव्हणे आपोआप विरघळतील. मुलगा ऋषी म्हणाला, रविवारी नका जाऊ. अण्णांनी ऐकलं नाही. सिंहगड त्यांना काय कुणी शिकवायचा होता?

घाटाच्या नाक्यावर दीड तास गेला. मग शिट्टी फुंकत एकजण आला आणि म्हणाला, वर गाड्या लावायला जागा नाही, मागं फिरा. गड ढगात होता, तोही दिसला नाही. सुदर्शनराव भले गृहस्थ. "खालून बी छानच वाटते जी," असं ते ढगाकडे बघून म्हणाले.

अण्णांनी गाडी खडकवासल्याकडे वळवली. तिथं धरणाच्या कडेनं गाड्यांची रांग, रांगेच्या कडेनं कणसांच्या गाड्या आणि खाली चघळून टाकलेली बुरकुंडं. लाऊडस्पीकर तीन, गाणी तीन.

"धरण कुठंसं आहे?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हे काय, त्या भज्यांच्या मागं," अण्णा म्हणाले.

मग त्यांचं तोंड सुटलं ते सुटलंच. या शहराला माणसं मावेनात, पण यायची काही थांबत नाहीत. रस्ता करणाऱ्याला रस्ता माहीत नाही. इथं आम्ही म्हशी पोहायला सोडायचो, तेव्हा म्हशीसुद्धा रांगेत चालायच्या. अण्णांच्या बायको आनंदीबाई मागून त्यांना खुणावत होत्या, की अहो, पुरे. पाव्हण्यांसमोर पुण्याची हवा चांगली म्हणायचं ठरलं होतं, आणि हा माणूस सकाळपासून तिची पिसं काढतोय.

एवढ्यात पूर्णिमा सासूच्या कानाशी काहीतरी बोलली. तिला लघवीला जायचं होतं, आणि आता थांबवत नव्हतं. पुढं गाडी हलेना, आसपास आडोसा म्हणून नाही.

"मला वाट माहीत हाय," अण्णा म्हणाले. "मामाच्या मळ्यातनं गाडीवाट जाते. पाच मिनिटांत नदीवर, तिथनं पूल, की आपलं घर."

ती वाट अण्णांनी शंभर वेळा तुडवली होती, पण बैलगाडीतनं. त्यांनी गाडी डावीकडे घातली. वळण बरोबर होतं, ओढा होता, ओढ्यावरची फरशीही होती. पुढं जिथं मामाची विहीर असायला हवी, तिथं वीस मजली इमारतींचं फाटक होतं.

पहारेकरी वहीसकट आला. "फ्लॅट नंबर?"

"नंबर नाही. ही वाट हाय."

"इथं वाट नाही, आजोबा. कुणाकडं जायचंय?"

अण्णांनी मामाचं नाव सांगितलं. पहारेकऱ्यानं ते वहीत शोधलं, इमानदारीनं शोधलं, आणि नाही म्हणाला. अण्णांचा आवाज चढला. मळ्याचा बांध कुठनं कुठं होता, हे ते हात करून दाखवू लागले. तोवर कौशल्याबाई उतरल्या, लेकीला हाताला धरून पहारेकऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हिच्याकडं बघ भाऊ." त्यानं बघितलं आणि काही न विचारता स्वतःच्या खोलीमागचा संडास दाखवला.

दोघी परत आल्या. मागं फिरून पुन्हा त्याच रांगेत शिरले. अर्ध्या तासानं मागून रुग्णवाहिकेचा भोंगा आला. गाड्या इकडं तिकडं दोन-दोन बोटं सरकल्या. भोंगा होता तिथंच वाजत राहिला.

सुदर्शनरावांनी आरशातून लेकीकडं पाहिलं, मग अण्णांकडं. "आमचा दवाखाना काही फार मोठा नाही," ते हळूच म्हणाले. "पण रात्री-बेरात्री पायी बी पोचता येते."

आनंदीबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर बोट टोचलं. बोला काहीतरी, दहा मिनिटांचं सांगा.

अण्णा समोरच्या गाडीच्या लाल दिव्यांकडं बघत बसले. भोंगा अजून त्याच जागी होता.

"परवा निघा," ते चिडून म्हणाले. "पहाटे पाचलाच. नाहीतर पुण्यातच दुपार होईल. आणि तिकडं गेल्यावर रोज फोन करायचा, सांगून ठेवतो."