मंत्राने विझणारा दिवा

या, जरा जवळ सरकून बसा. एका दिव्याची गोष्ट सांगतो. देवापुढचा दिवा नव्हे हो, गाडीतला. पण देवाचं नाव त्यातही ओढलं गेलं, म्हणून तर सांगायची.

सकाळचे आठ वाजलेले आणि आमच्याकडच्या एका गॅरेजपुढे ही गर्दी! गॅरेजचा मालक पान्याला हात लावत नसे. लोक त्याला स्पर्शमहाराज म्हणत. गाडी आली की तो आधी पडद्याआड दोन मिनिटं ध्यान करी, मग बाहेर येऊन बॉनेटवर तळवा ठेवी आणि डोळे मिटी.

"हिच्यात प्राणच उरला नाही... बॅटरी!"

तपासावी तर बॅटरी खरंच मरायला टेकलेली. मग काय, जो तो पायाशी! प्रत्येक भक्ताच्या गाडीत, स्टिअरिंगखाली, महाराज पहिल्याच भेटीत आगपेटीएवढं काळं 'कवच' स्वतःच्या हाताने बसवून देत. वर दम देत, "हे काढलंत तर गाडी रुसेल."

आमचे व्हॅनवाले काका रोज अकरा मुलांना तीव्र उताराने शाळेत नेत. अकरांत एक माझी लेक. आठवडाभर त्यांच्या व्हॅनमध्ये ब्रेकचा लाल दिवा लागत होता. काका फोन करायचे, महाराज पलीकडून मंत्र म्हणायचे आणि दिवा विझायचा.

"फोनवरून विझतो, साहेब!" त्या सकाळी वाटेत भेटलेले काका कौतुकाने म्हणाले.

"आणि ब्रेक?"

"ब्रेकला काय धाड भरलीय? दिवाच नाही म्हटल्यावर!"

मी त्यांना जवळजवळ ओढतच कोपऱ्यावरच्या मावशीकडे नेलं. मावशी तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतेय. महाराज आल्यापासून तिच्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं.

तिने व्हॅन पुढे घ्यायला लावली, ब्रेक दाबायला लावला. चाकातून खर्रर्र आवाज आला.

"चाक खोलते."

"नको! महाराजांना विचारल्याशिवाय नको," काका घाबरले. "त्यांच्याकडे दर्शनाला नंबर लावूनच आलोय. साडेआठला मुलं घ्यायचीत."

मावशीने क्षणभर विचार केला, वाकली आणि कवच उपटून काढलं.

"अहो, रुसेल ती!"

"रुसू दे. समजूत मी काढीन. महाराज अंतर्यामी आहेत ना? मग कवच काढल्याचं त्यांना कळेलच. तुम्ही सांगायचं नाही, एवढंच."

तिने ते कवच स्वतःच्या गाडीला लावलं, तिच्या इंजिनातल्या एका सिलिंडरची वायर काढली आणि इंजिन चालू केलं. गाडी थडथड हलायला लागली. "आता चला महाराजांकडे," मावशी म्हणाली.

महाराज ध्यान आटोपून बाहेर आले. व्हॅनवर तळवा, डोळे बंद. "अरेरे! एक सिलिंडर उपाशी आहे. बघा कशी थरथरतेय बिचारी!"

व्हॅनचं इंजिन लोण्यासारखं चालत होतं.

"थरथरत तर नाहीये, महाराज," काका चाचरत म्हणाले.

"तुला दिसायचं नाही. सूक्ष्मात थरथरतेय."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि ब्रेक?" मावशीने विचारलं.

"ठणठणीत! नीघ लवकर, पोरं खोळंबली असतील."

तेवढ्यात लाल दिवा लागला. मावशी हाताची घडी घालून उभी राहिली. "तेवढा विझवा. मग जाऊ दे त्यांना."

महाराज पुटपुटू लागले. शालीखाली अंगठा फोनवर फिरत होता. दिवा लालच. पुन्हा मंत्र, या वेळी मोठ्याने. दिवा लालच! सगळी गर्दी त्या दिव्याकडे बघत होती. घड्याळात आठ वीस. महाराजांच्या कपाळावर घाम आला आणि तोंडातून निसटलं, "कवच कुठाय? कवच कुणी काढलं?"

"इश्श! अंतर्यामीला विचारावं लागलं?" मावशी म्हणाली.

तिने तिथेच जॅक लावून चाक उतरवलं. ब्रेकची पॅडं झिजून कागद झाली होती, लोखंडावर लोखंड घासत होतं. काकांनी झिजलेल्या पॅडवरून बोट फिरवलं. "त्या उतारावर... अकरा लेकरं..."

"ऐका सगळे," मावशी म्हणाली. "हल्लीच्या गाडीला स्वतःचं दुखणं कळतं. ती ते नोंदवून ठेवते. ह्यांच्या कवचाच्या डबीत सिमकार्ड आहे. ती नोंद वाचून ह्यांच्या फोनवर पाठवते. आत्ता ती डबी माझ्या थडथडणाऱ्या गाडीत आहे, म्हणून ह्यांना व्हॅनचा सिलिंडर उपाशी दिसला. पडद्याआडचं ध्यान म्हणजे फोन बघणं! तिथूनच नोंद पुसता येते. नोंद पुसली की दिवा विझतो, झीज तशीच राहते. थर्मामीटर झटकून ताप उतरतो का? असलं यंत्र माझ्याकडेही आहे. चांगलं आहे ते. पण त्याने दुखणं सांगितलं की मी चाक खोलून बघते. हा झाकत होता."

मुलांना त्या दिवशी उशीर झाला. नवी पॅडं बसवून मावशी स्वतः व्हॅनमध्ये पुढे बसली आणि मुलांबरोबर उतार उतरून आली.

देव मीही मानतो. म्हणूनच सांगतो, त्याच्या नावाने कुणाला धोक्याचा दिवा विझवू देऊ नका. आपली गाडी कुणाकुणाशी बोलते हे आपल्याला ठाऊक हवं. आणि कधी तुमच्या गाडीत लाल दिवा लागला, कुणी डोळे मिटून पुढे आला, तर ग्रीसने काळ्या झालेल्या हातांची ती मावशी तेवढी आठवा.