पुढं जाऊ का, इवो?

आदेमीर झांकेट्टा ट्रकच्या शर्यतीत भाग घ्यायचा आणि पुढच्याची परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्याही पुढे जात नसे. असा माणूस शर्यतीत किती टिकायचा? पण तो केस पिकेपर्यंत टिकला.

कारण त्याची आई, दोना लिओनिल्दा. तरुणपणी एका वळणावर आदेमीर कोणाला तरी घासून पुढे घुसला आणि ट्रकसकट उलटा झाला. तो इस्पितळात बेशुद्ध असताना आईने चर्चमधल्या आपारेसिदा माईला नवस बोलला, की पोरगा जगला तर विचारल्याशिवाय कोणाच्या पुढे जाणार नाही. बाईने मेणबत्ती बोलावी, पायी यात्रा बोलावी, तर ही हे बोलून बसली. पोरगा जगला. नवस आईचा, फेडायचा मात्र मुलाने. पाद्रीबाबांनी नवस बदलून द्यायची तयारी दाखवली, तर ती म्हणाली, "दिलेला शब्द बदलून आणायला माईचं काय वाण्याचं दुकान आहे?"

तेव्हापासून आदेमीर पुढच्याला गाठून हॉर्न वाजवायचा. उलट दोनदा हॉर्न आला तर पुढे, नाही तर मागेच. पहिल्या मोसमात अर्थातच कोणी दिला नाही आणि तो प्रत्येक शर्यतीत शेवटचा आला. मग ही गोष्ट मिस्सानंतर चर्चबाहेर चालणाऱ्या गप्पांतून बाकीच्या ड्रायव्हरांच्या आयांपर्यंत गेली. माईच्या नवसात आडवा येतोस, मेल्या, म्हणून एकेकाची घरी अशी कानउघाडणी झाली, की आदेमीर आरशात दिसला रे दिसला की लोक घाईघाईने हॉर्न देऊ लागले. पेपरवाल्यांना यात काहीतरी खोल डावपेच दिसायचा. आदेमीर दुसरा येऊ लागला. कायम दुसराच.

कारण पहिला असायचा इवो स्ट्रेलोव. इवोचं घर लूथरच्या पंथाचं, तिथे ना माई, ना नवस. आपल्याला काय त्यांचं, असं त्याची आईच म्हणायची. इवोने आयुष्यात कधी आदेमीरला हॉर्न दिला नाही.

आता आदेमीरची पाठ कामातून गेली होती. कास्कावेलची शर्यत शेवटची, आणि एकदा तरी त्याला पहिलं यायचं होतं. आदल्या दिवशी त्याने इवोला गाठलं, शिमारांव चहाचा कडू घोट पाजला आणि सरळ विचारून टाकलं.

"जा की," इवो म्हणाला. "मी कुठं तुला बांधून ठेवलंय? तुझ्या आईनं ठेवलंय."

आदेमीरला हे फार लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दोना लिओनिल्दा कोंबडी-फारोफाचं पातेलं आणि जपमाळ घेऊन प्रेक्षकांच्या स्टँडात येऊन बसली. शेवटच्या फेरीत इवो पुढे आणि मागे आदेमीर हॉर्न वाजवतोय. एवढ्यात इवोच्या इंजिनाने धूर सोडला आणि त्याचा ट्रक रेषेच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर बंद पडला. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा. बाकीचे ट्रक अजून वळणापलीकडे होते.

आदेमीर त्याच्या मागे जाऊन थांबला आणि त्याने हॉर्न वाजवला.

सगळं स्टँड उभं राहून जा जा म्हणून ओरडायला लागलं. इवोने खिडकीतून हात काढून बोट हलवलं, नाही. आदेमीरला रडू आवरेना. पण वळणावर बाकीचे ट्रक दिसू लागले तसा त्याने पहिला गियर टाकला, इवोच्या ट्रकच्या बुडाला आपलं नाक लावलं आणि ढकलत ढकलत त्याला रेषेपार नेलं. इवो पहिला, आदेमीर दुसरा.

पंचांनी नियम काढले. दुसऱ्याच्या धक्क्याने रेषा ओलांडणारा बाद. ढकलणाऱ्याबद्दल नियमांत काहीच नव्हतं, कारण असं कोणी करील हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पहिला आदेमीर.

इवो मात्र बक्षिसाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. राष्ट्रगीत खोळंबलं. आदेमीर टोपी हातात घेऊन खाली उभा राहिला.

"पुढं जाऊ का, इवो?"

"आत्ता विचारतोस? बुडात ट्रक घातलास तेव्हा विचारलंस?"

"तेव्हा मी पुढं कुठं जात होतो?"

तोवर दोना लिओनिल्दा पातेल्यासकट तिथे पोचली होती.

"बाळा," ती इवोला म्हणाली, "चूक माझी. तेव्हा घाबरले होते, तोंडाला येईल ते बोलून गेले. आता दे रे त्याला."

ट्रक तर जवळ नव्हता. मग इवोने गाल फुगवून तोंडानेच दोनदा हॉर्न दिला, पाँ, पाँ, आणि तो खाली उतरला.

आदेमीर वर चढला. सवयीने त्याने पुढे पाहिलं. विचारायला कोणीच नव्हतं.