राहुकाळ आणि रॉकेलचे स्टोव्ह

अरे, त्या शुक्रवारी संहिताचं डोकं असं सणकलं होतं ना, की विचारू नका! ती सरकारी तपासणी खात्यात इंजिनिअर. नव्याण्णवचा जून, वर कारगिलला लढाई पेटलेली, आणि इकडे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत हयवदनण्णांच्या कारखान्यात जवानांच्या तंबूंसाठी रॉकेलचे स्टोव्ह तयार होऊन ट्रकवर चढलेले. आता फक्त हिची सही हवी. आणि थंडीतली चाचणी? ती झालीच नव्हती!

"ती माफ केलीय," श्रीकांत सर म्हणाले. हे तिचे साहेब, पुण्याहून बदली होऊन आलेले. "अर्जंट खरेदी आहे. सही कर."

"वर्षभर फाईल आपल्याच खात्यात घोरत पडली होती, सर! तेव्हा कुठं गेली होती घाई?"

"तोंड सांभाळ. तिकडे पोरं गारठतायत."

"म्हणूनच म्हणतेय! बंद तंबूत रॉकेल गळलं तर गारठणार नाहीत, जळतील!"

हयवदनण्णा मध्ये पडले. पिढ्यान्‌पिढ्या चामराजपेटेतले, मराठीत कन्नड कालवून बोलणारे. "स्वल्प ऐक गं अम्मा. साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत गाडी गेटाबाहेर पडायला हवी. नारळसुद्धा फोडून झाला."

आणि इथंच तिची ट्यूब पेटली, बघा! तीही चामराजपेटेचीच की. तिच्या घरी राहुकाळात कुणी नव्या साडीची घडीसुद्धा मोडत नाही. तिनं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि सही करायच्या ऐवजी भांडायला लागली. पितळ कुठलं, कॉक कुणी बसवले, वायसर कुठून आणले... सरांचा आवाज चढला, हिचा त्याहून वर. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हयवदनण्णांनी कपाळावर हात मारला.

"मुगीतु! संपलं. लागला राहुकाळ. आता बारापर्यंत गाडी हलत नाही."

"काय फालतूपणा आहे!" सर किंचाळले. "राहुकाळासाठी युद्ध थांबतं का? ड्रायव्हर, काढ गाडी!"

ड्रायव्हरनं किल्ली खिशात टाकली आणि चहा प्यायला निघून गेला.

संहितानं वेगवेगळ्या खोक्यांतले स्टोव्ह उपसले, रिक्षात कोंबले. पलीकडच्या गल्लीत आइस्क्रीमवाल्याचं कोल्ड स्टोरेज होतं, तिकडे निघाली. हयवदनण्णा पळत येऊन शेजारी बसले. "माल माझा आहे, मीही बघणार. पण राहुकाळात नवं काम..."

"नवं कुठलं, अण्णा? राहिलेलं काम आहे हे!"

आत असली थंडी, की दोघांचे दात वाजायला लागले. स्टोव्ह चांगले गारठू दिले, मग टाक्यांत रॉकेल भरलं, कॉक घट्ट बंद केले आणि बघत उभे राहिले. काही कोरडे ठणठणीत. आणि काहींतून टप, टप, टप. तिनं कॉक उघडून बघितले. कोरड्या स्टोव्हमध्ये काळे वायसर, गळक्यांत तपकिरी, बिस्किटासारखे कडक झालेले.

"हे तपकिरी कुठून आले, अण्णा?"

"काळे अर्ध्यावरच संपले गं. नेहमीचा माणूस आठवडा मागत होता. तुझे सर म्हणाले, मिळेल ते बसवा."

परत आल्यावर तिनं एक गळका स्टोव्ह सरांच्या टेबलावर आदळला. "वास घ्या! तुमची घाई आहे ही!"

सरांचा चेहरा उतरला. तरी म्हणालेच, "मग किती पाठवायचे?"

"काळ्या वायसरचे. तेवढ्यांवरच सही करेन."

"अर्धेच? दिल्लीला काय सांगू मी?"

"खरं सांगा! एकदा तरी!"

सगळी खोकी फोडली, एकेक कॉक बघितला. संध्याकाळी ट्रक निघाला, अर्धा रिकामा. कामगार टाळ्या वाजवायला लागले, तर ही त्यांच्यावरच खेकसली. टाळ्या कसल्या? शेडमध्ये उरलेल्या प्रत्येक खोक्यामागे वर एक तंबू गारच राहणार होता, आणि ते हिनं सही नाकारल्यामुळे. दुसरा रस्ताच कुणी ठेवला नव्हता तिला.

"काळे वायसर कधी मिळतील, अण्णा?"

"सोमवारी त्या नेहमीच्या माणसाला फोन करतो."

"सोमवारी? स्कूटर काढा! तो माणूस राहतो कुठं, ते दाखवा मला. आत्ता!"