गाडीच्या नाकातलं जाळं

निकेशची गाडी तापते हे भामाला दिवाळीपासून ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

वाईट का वाटावं? पोरगा पुण्याला नोकरीला. महिन्या-दोन महिन्यांतून पनवेलच्या कोळीवाड्यात यायचा, जेवायचा आणि घड्याळाकडे बघत उठायचा. पण ही काळी, बुटकी, गुरगुरणारी जुनी विलायती गाडी त्यानं हौसेनं घेतली आणि चित्र पालटलं. खोपोलीच्या पुढे घाट लागला की डॅशबोर्डवर लाल दिवा पेटायचा. आपोआप पडणारे गियर पडेनासे व्हायचे आणि निकेश तोंड पाडून पुन्हा आईच्या दारात. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा भामा तोंडानं हळहळली आणि पायानं चुलीकडे पळाली.

चौथ्या खेपेला मात्र त्यानं गाडी कळंबोलीला गुरुदत्तच्या गॅरेजात लावली. असले गियरबॉक्स या भागात आपल्यालाच कळतात असा गुरुदत्तचा दावा होता, आणि तो दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचा. आज तिसरा दिवस. भामा दुपारी डबा घेऊन स्वतः रिक्षानं आली. पोराला गरम जेवण मिळावं हे निमित्त. खरं म्हणजे तो नजरेसमोर हवा होता.

"तेल बदललं," गुरुदत्त बोटांवर मोजत निकेशला सांगत होता. "जुनं काळं पडलेलं, करपल्याचा वास येत होता. पातळी बरोबर. पंखा फिरतो. पाइपातून तेल नीट वाहतं. तरी काल घाटात गाडीच्या कॉम्प्युटरवर तेलाच्या तापमानाचा आकडा एकशे तीस! नव्वदच्या आसपास पाहिजे. म्हणजे खोट गियरबॉक्सच्या पोटात आहे. उतरवून खोलावा लागणार."

"किती दिवस?"

"पंधरा धर."

निकेशनं कपाळाला हात लावला. मग आईकडे वळून म्हणाला, "सुट्टी टाकतो आता. पंधरा दिवस हितंच. चालंल ना, आये?"

चालेल? भामाच्या डोळ्यांपुढे पंधरा दिवसांची कालवणं उभी राहिली. आज निवट्या, उद्या जिताडा, परवा कोलंबीचं सुकं. नवरा, काशिराम, जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या घरात एकच ताट मांडलं जात होतं. एकटीसाठी मासा साफ करायचा तिला कंटाळा यायचा. कित्येकदा ती चहात पाव बुडवून झोपायची आणि फोनवर पोराला सुरमई खाल्ली म्हणून सांगायची.

आनंदाच्या भरात तिनं उगाच विचारलं, "त्या तेल थंड कसा व्हतं र, गुरुदत्ता?"

शिकवायची संधी गुरुदत्त सोडतोय थोडाच! "हे बघा मावशी. तेल पाइपानं पुढे येतं. इथं, गाडीच्या नाकात, बंपरच्या मागे खाली छोटा कूलर आहे. गाडी पळाली की त्यातून वारा जातो. तेल थंड होऊन मागे जातं. साधं आहे."

साधंच होतं. भामाचा हात डब्याच्या झाकणावर थबकला.

काशिरामच्या घरात एक रीत होती. नवी होडी आली की जुन्या होडीचं हातभर जाळं तिच्या नाकात बांधायचं, म्हणजे ती खाडीची वाट विसरत नाही. सासऱ्यानं बांधलं, काशिरामनं बांधलं. काशिराम आजारी पडल्यावर होडी विकावी लागली, तेव्हा भामानं तो तुकडा सोडून आणून पेटीत ठेवला होता. दिवाळीत गाडीची पूजा होती. निकेश नारळ आणायला गेला, तेवढ्यात ती रस्त्यावर आडवी झाली, बंपरच्या खालच्या फटीतून जाळं आत कोंबलं आणि तारेनं आवळलं. सांगितलं नाही कुणाला. पोरगा हसला असता.

आणि होडी परत आली होती की! एकदा नाही, तीनदा.

गुरुदत्त जॅक ओढून आणत होता. गप्प बसलं तर पंधरा दिवस; बोललं तर पोरगा संध्याकाळीच घाट चढणार. भामानं डबा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. कुणाला कळणार होतं? देवाला कळलं असतं, पण देवाला तिनं आजवर पुष्कळ सांभाळून घेतलं होतं.

मग तिनं निकेशकडे पाहिलं. त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला होता. होडी विकली त्या दिवशी काशिराम असाच होडीच्या काठावर हात ठेवून उभा होता. भामाला ते बघवेना.

"थांब र, गुरुदत्ता," ती म्हणाली. "पोट नको फारू. नाकान बघ. खाली. मी जाला बांधलंय थंय."

बंपर निघाला. कूलरवर चिखल, किडे आणि तेल पिऊन पाटीसारखं कडक झालेलं जाळं चिकटलं होतं. "वरून बॅटरी मारून बघितलं होतं मी," गुरुदत्त पुटपुटला. बघितलं होतं, वरूनच. त्यानं कूलर धुतला, तेल पुन्हा बदललं, गाडी हायवेवर जोरात पिदडून आणली. आकडा नव्वदच्या वर गेला नाही.

निकेश आधी हसला, मग जाळं हातात धरून उभा राहिला. "कनाला बांधलंस, आये?"

"तू परत यावास म्हनून."

त्यानं जाळं तिच्या हातात ठेवलं. मग म्हणाला, "आता गाडी बरी झाली ना, दर शनिवारी येतो." भामानं मान हलवली. मासळीबाजारात उद्या नक्की घेतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ती चाळीस वर्षं अशीच मान हलवत आली होती.

पाचच्या सुमारास तो निघाला. भामा घरी येऊन ओट्यावर बसली आणि जाळ्यातले किडे एकेक करून वेचू लागली. तासाभरानं फोन वाजला.

"आये, लोनावल्याला पोचलो. घाट चढली! आकडा बघ, ब्यान्नव!"

"बरा झाला, बाला," ती म्हणाली. आणि बरं झालं होतंच, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त फोन उचलताना तिनं देवाकडे एकशे तीस मागितला होता.