जिन्याच्या वळणावरची खाच

‘रुग्ण महिला दृष्टिदोषामुळे तोल जाऊन पडली. जिन्याचा कठडा सुस्थितीत होता.’

रुग्णालयाच्या अर्जावर तिच्या भाच्याने ही दोन वाक्ये सुवाच्य अक्षरात लिहिली आणि खाली सही ठोकली. मित्रांनो, सुवाच्य अक्षराचा सत्याशी फारसा संबंध नसतो. ज्याला सुस्थितीत म्हटले, तो जुना लाकडी कठडा मीच. माझी साक्ष कोणी घेतली नाही. आता तुम्ही घ्या.

आधी दृष्टिदोष. आत्याचे डोळे गेले त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून ती रोज सकाळी मला धरून वरच्या खोलीत जाई, दिवसभर वेताच्या खुर्च्या विणी आणि संध्याकाळी खाली येई. एकदाही अडखळली नाही. वळणावरच्या माझ्या खांबाला एक खोल खाच होती, कधीकाळी कपाट वर नेताना पडलेली. उतरताना बोट खाचेत गेले की उरल्या तीन पायऱ्या, हे तिचे गणित. याच जिन्यावर भाचा दोनदा आपटला आहे. त्याच्या दृष्टीविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

आता माझी सुस्थिती. यंदा भिंतीतला नळ झिरपला आणि त्या खांबाचे बूड आतून कुजले. सुताराने पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिले. भोपळ्यासारखा आवाज आला.

“बूड कापून नवं लाकूड सांधावं लागेल, दादा. चार दिवस जिना बंद.”

“रविवारी साहेब जेवायला येणारेत. बसल्या जागेवरून जिना दिसतो!”

“मग साहेबांना भिंतीकडे तोंड करून बसवा.”

सुतार एकटाच हसला. भाच्याने त्याला वाटेला लावले आणि शुक्रवारी स्वतःच बाह्या सरसावल्या. जुना रंग खरवडला तेव्हा मी भाबडेपणाने सुखावलो. मग त्याने पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून भेगा बुजवायची लांबी लिंपली, पॉलिश पेपर फिरवला आणि रंग चढवला. त्या भरात खाचही बुजवून टाकली. इतका देखणा मी जन्मात नव्हतो. रविवारी साहेब म्हणाले, “वा, जिना अगदी नवा केलात की!” भाच्याने मान नम्रपणे झुकवली. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून आत्याला दोन दिवस खालीच बसवले होते.

सोमवारी सकाळी ती वर गेली. माझे बूड कुरकुरले. दिवसभर मी वरच्या खोलीतली वेताची सळसळ ऐकत राहिलो. ती थांबावी असे मला वाटत नव्हते, कारण ती थांबली की आत्या उतरणार होती.

सळसळ थांबली. पावले जवळ आली. वळणावर तिचा हात खांबावर आला, पुढे सरकला, मागे आला. “अगं बाई, माझी खाच कुठे गेली?” ती पुटपुटली. बोटे गुळगुळीत रंगावर खालीवर फिरू लागली. ती आणखी वाकली, सगळा भार माझ्यावर आला. ओरडून सांगावे तर लाकडाला एकच शब्द येतो, आणि तो नेहमी उशिरा येतो. कडाड्.

तीन पायऱ्या. उजवे मनगट मोडले.

“आता वर जायचं नाही, आत्या. खुर्च्याबिर्च्या पुरे झाल्या,” प्लास्टर घालून आणल्यावर भाचा म्हणाला. “या डोळ्यांनी कशाला गं हट्ट?”

“डोळे अकरा वर्षांपूर्वी गेले, पडले मी काल. खुर्च्या बंद केल्यास तर मी दिवसभर करू काय रे? तुझ्या साहेबांची वाट बघू?”

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने मोडलेल्या खांबातून चिमट्याने ओला बोळा ओढून काढला.

“हे काय दादा, कठड्यात वर्तमानपत्र? वाचायला ठेवलं होतंत?”

आत्या उठून आली. डाव्या हाताची बोटे तिने पोकळीत घातली आणि कितीतरी वेळ बाहेर काढली नाहीत. “रंगवताना कळलं नाही तुला?” तिने विचारले.

मित्रांनो, आमची निगा राखायची तर आधी ठोकून पाहा, आवाज ऐका, कुजलेले असेल ते कापा. रंग त्यानंतर. आणि ज्यांचे हात रोज आमच्यावर फिरतात, त्यांना विचारल्याशिवाय एक ओरखडाही बुजवू नका. भाच्याचे उत्तर मी एका अक्षराचाही फरक न करता देतो:

“कळलं होतं, आत्या. अख्खी मूठ आत जात होती. म्हणून तर रंगाचा तिसरा हात मारला. आणि अर्जावर तुझे डोळे लिहिले, कारण ते सगळ्यांना लगेच पटतं.”