खंडित पोथी

कोण आहे? आधी नाव सांगा, मग गाठ सोडा. मी पोथी बोलतेय, मूळची धारच्या गणपतरावांच्या देवघरातली. माझा स्वभाव संशयी आहे, पण तो उगाच झालेला नाही.

माझी पानं चौसष्ट. अर्ध्यांवर देवांची रूपं, कुणाला किती हात, कुठल्या हातात कोणतं आयुध. उरलेल्यांवर योगासनं. गणपतरावांच्या आजोबांनी संस्थानात कारकून असताना मला लिहवून घेतलं.

शहाण्णव साली एक गोडबोल्या अभ्यासक आला. नुसतं बघतो म्हणाला आणि चार पानं पिशवीत सरकवताना पकडला गेला. तेव्हापासून गणपतराव दर दसऱ्याला पानं मोजायचे आणि मगच पूजा करायचे.

पुढे सून आली, देवासची विनोदिनी. हिंदी शाळेत शिकलेली, मराठी बोट ठेवून वाचणारी. दुपारी सासरे लवंडले की ही मला उघडून बसायची. मला वाटलं, ही पण त्यातलीच. गोड बोलायची, म्हणून तर जास्तच वाटलं.

दोन हजार तीनच्या दसऱ्याला पानं त्रेसष्ट भरली. गणपतरावांनी तीनदा मोजली आणि सुनेकडे बघत राहिले.

"मामंजी, कसम से, मी फक्त आसनं वहीत उतरवत होते."

त्यांना पटलं नाही. मलाही नाही, स्वतःची पाठ कुणाला दिसते? दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. खंडित पोथी घरात ठेवत नाहीत, म्हणून गणपतराव मला बसने खलघाटला घेऊन गेले, नर्मदेत सोडायला.

पाणी लागलं आणि देवीच्या पानाला चिकटलेलं एक पान सुटून वर आलं. चौसष्टावं! अहो, पूजेत पानांना ओलं गंध लावून लगेच बांधून टाकायचे ना ते! गणपतराव धोतरासकट माझ्यामागे धावले, पण निम्मे देव धुऊन गेले होते.

तिथून आम्ही थेट देवासला. त्यांनी मला विनोदिनीपुढे ठेवलं, चुकलो म्हणाले, घरी चल म्हणाले. ती माझी पानं एकेक करून वाळत घालत होती.

"पोथी मी सांभाळते, मामंजी. पण मी घरी आले तर तुम्ही मला रोज मोजाल."

गणपतराव एकटेच परतले.

मी इथेच, देवासला आहे. तुम्ही आलाच आहात, तर तिला एवढं सांगा, की संशय मीही घेतला होता. तिला ते ठाऊक नाही. रोज सकाळी ती इतक्या मायेनं मला उघडते, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.