चंदेरी पाकीट उशाशी, मी खिळ्यावर

दोष म्हाताऱ्याचा. माझा नाही आणि गोळ्यांचा तर नाहीच. त्या गोळ्यांची बाजू घेताना माझं रबर जळतंय, तरी सांगते. मी शेकाची पिशवी बोलतेय, बाथरूमच्या दारामागून.

मला आणलं सलूनवाल्याच्या बायकोने. दिवसभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे उभं राहून नवऱ्याची कंबर धरायची. घरी आला की आधी मला मागायचा, मग जेवण. मी पाठीला लागले की "आहाहा!" बायकोलाही असं कधी म्हणाला नसेल.

मग मणक्याचं ऑपरेशन झालं. परत आला तो गोळ्यांचं चंदेरी पाकीट घेऊन. त्या भवानीला उशाशी जागा, तिच्यासाठी मोबाइलवर गजर. मला खिळा! डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुखायची वाट बघू नका. गोळी वेळेवर घ्या, थोडं थोडं चाला. टाक्यांपाशी शेक अजिबात नको, तिथली कातडी बधिर आहे."

मी जळफळत होते, पण तो चालत होता. आधी दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत.

म्हाताऱ्याला, म्हणजे त्याच्या बापाला, ते बघवेना.

"गोळ्यांची सवय लागेल. आम्ही काय दुखणी काढली नाहीत?"

"बाबा, डॉक्टरांनीच सांगितलंय," बायको म्हणाली.

"डॉक्टर येणार आहे का दुकानात उभा राहायला?"

ती कामाला गेली की म्हातारा पाकीट कपाटात कोंडायचा. मुलाचे केस पांढरे झाले, पण बापापुढे तोंड उघडत नाही! दुखणं चढलं, चालणं थांबलं, कूस बदलतानाही ओरडायला लागला.

मग म्हाताऱ्याने मला खिळ्यावरून काढलं. मी फुलून गेले. भवानी कपाटात आणि मी कमरेवर! उकळतं पाणी भरून त्याने मला थेट टाक्यांवर ठेवलं.

"चटका बसतोय?"

"काहीच कळत नाही, बाबा."

"मग राहू दे."

"आहाहा" काही आलं नाही.

बायकोने येऊन मला उचललं तेव्हा खाली फोड होते.

"मेली पिशवीच पांढऱ्या पायाची," म्हातारा म्हणाला. वर तोंड करून!

जखम चिघळली, पू आत मणक्यापर्यंत उतरला, पुन्हा कापावं लागलं. आता कपाटाची किल्ली बायकोकडे, पाकीट उशाशी, मी खिळ्यावर. अजून जळते त्या भवानीवर. तरी तुमच्या घरी कुणाची कंबर कापली, तर तीच वेळेवर द्या, मला लांब ठेवा. आणि म्हाताऱ्यांना त्याहून लांब.

सलूनवाल्याच्या डाव्या पायात जोर राहिला नाही. खुर्चीमागे तो पुन्हा उभा राहिला नाही. सलून बंद झालं.